मी ‘बाई’ म्हणायचो, तू ‘बाय’ ऐकायचीस

बाई,

आधी तुला काय म्हणायचं ते ठरवू दे. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकाच ‘यू’मध्ये बसतात, त्यामुळं तुझ्यासमोर मला हे कधी ठरवावंच लागलं नाही. आता मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. तू वयानं मोठी, मानानं मोठी. ‘तुम्ही’ लिहिलं, वाचून पाहिलं, तर तू एकदम स्टेजवरच्या खुर्चीत जाऊन बसलीस आणि माझ्याकडे बघेनास. खोडलं. आईला आम्ही तूच म्हणतो, त्यानं तिचा मान काही कमी होत नाही. तेव्हा तू.

तू गेलीस त्या आठवड्यात पेपरात तुझा फोटो आला होता, खाली तुझं नाव, ओडेसा. माझ्या सुनेनं, सुनीतानं, तो अख्खा मजकूर मला मराठीत करून सांगितला. या शहरात कवितेचं पुस्तक छापून आलेली पहिली काळी बाई. अमक्या सभागृहात कविता वाचणारी पहिली. तमक्या कॉलेजात शिकवायला बोलावलेली पहिली. पहिली, पहिली, पहिली. मी म्हटलं, ‘बस कर बाप्पा, हे बाईचं वर्णन आहे की रेसच्या घोड्याचं?’ तू पालेभाजीचा जीव घ्यायचीस हे त्यात कुठंच नव्हतं.

माझं इथलं पहिलं वर्ष मी काचेतून रस्ता बघण्यात घालवलं. मुलगा अशोक डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉयला मोटारीच्या कंपनीत इंजिनियर. घर मोठं, पुढं गवत, आणि रस्त्यावर माणूस नाही. एकदा सकाळी पायी निघालो तर पोलिसानं गाडी थांबवून विचारलं, ‘सर, तुम्ही हरवलात का?’ चालणारा माणूस म्हणजे हरवलेला माणूस, असा तो मुलूख. मी नागपूरच्या गिरणीतला विणकर. शाळा तिसरीत सुटली. उरलेलं शिक्षण जलशात झालं. वस्त्या-वस्त्यांत जाऊन, गाण्यातून माणसांना जागं करणारी आमची मंडळी होती. शाहीर पुढं उभा राहून ओळ टाकायचा आणि आम्ही मागचे ती उचलायचो, ‘जी रं जी जी’ करून. त्याला झील म्हणतात आणि ती धरणाऱ्याला झीलकरी. उभा जन्म मी झीलकरी होतो. चांगला होतो, हे मी सांगतो, कारण सांगायला दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

अशोकच्या ऑफिसातल्या एका मित्रानं आम्हाला डेट्रॉइटला, त्याच्या चर्चमध्ये बोलावलं. म्हणाला, आमची कवयित्री वाचणार आहे, या. अशोक म्हणाला, ‘बाबा, तुम्ही बोअर व्हाल. सगळं इंग्लिश आहे.’ मी म्हटलं, ‘टीव्ही काय मराठीत आहे?’

तू उभी राहिलीस. जांभळा झगा, जाड चष्मा, हातात कागद आणि कागदाकडे एकदाही न बघणं. पहिली ओळ म्हटलीस. मला काही कळली नाही. पण ओळ संपली आणि मागून लोक म्हणाले, ‘येस!’ दुसरी ओळ. ‘टेल इट!’ बाई, माझ्या अंगावर काटा आला. अमेरिकेत झील असते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! घर दाखवलं, फ्रिज दाखवला, मोठमोठी दुकानं दाखवली, आणि हे दाखवायचं राहिलं. तिसऱ्या ओळीला माझा मला ताबा राहिला नाही. ओळ तू खाली ठेवलीस आणि मी ती उचलली. ‘जी रं जी जी!’

सगळं चर्च मागं वळलं. अशोकनं माझा कोट ओढला. ‘बाबा, प्लीज! खाली बसा!’

तू चष्म्यावरून पाहिलंस. ‘कोण आहे तो?’ एवढं मला कळलं. पुढचं सुनीतानं कानात सांगितलं. तू म्हणाली होतीस, ‘त्याला बसवू नका. तालात आहे.’

कार्यक्रम झाल्यावर तळघरात कॉफी आणि केक होता. अशोक तुझी माफी मागायला आला, तर तू त्याला हातानंच बाजूला केलंस, दार आडवं आलं की करतात तसं, आणि मला विचारलंस, ‘जी म्हणजे काय?’ माझं इंग्रजी गिरणीतल्या साहेबाशी बोलण्यापुरतं. कम, गो, मशीन स्टॉप, व्हाय लेट. मी म्हटलं, ‘जी, येस. आय लिसन. यू गो.’ तू पुन्हा म्हणवून घेतलंस, ‘आय लिसन, यू गो,’ आणि शेजारच्या हॅटवाल्या बाईला म्हणालीस, ‘ऐकलंस? माझ्या नवऱ्याला हे कधी सुचलं नाही.’ तेव्हापासून मी मिस्टर जी. माझं नाव किसन आहे हे तुला कधी कळलं का, मला शंकाच आहे.

सुनीताचं हॉस्पिटल तुझ्या घराजवळ. दर गुरुवारी ती मला सकाळी तुझ्या ओसरीवर सोडायची आणि संध्याकाळी उचलायची, धुण्याच्या गाठोड्यासारखं. तुझ्या गल्लीत निम्मी घरं ओस होती, पण उरलेल्या निम्म्यांत माणसं ओसरीवर बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत. पहिल्याच दिवशी मला वाटलं, चला, अमेरिकेत पोचलो एकदाचा.

आणि त्याच दिवसापासून घोळ. मी दारात उभा राहिलो आणि आपल्याकडं हाक मारतात तशी मारली, ‘बाई!’ आतून तुझा आवाज आला, ‘बाय? कोण चाललंय?’ मी पुन्हा, ‘बाई!’ तू, ‘अरे, बाय म्हणतोस तर जा ना, ओरडतोस कशाला?’ दार उघडलंस तर मी उभा, हातात भाकरीचा डबा. तुला वाटलं, हा माणूस येतो तोच निरोप घेत येतो. बरं, संध्याकाळी मी निघालो. आपण जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं, ‘आय कम.’ आणि गेलो. तू बापडी पुन्हा कॉफी ठेवलीस. वाट बघितलीस. असं तीन-चार गुरुवार चाललं. शेवटी तू सुनीताला गाडीपाशी गाठलंस. ‘पोरी, तुझा सासरा येताना गुडबाय म्हणतो आणि जाताना आय ॲम कमिंग म्हणतो. डॉक्टरला दाखवलंत का?’

सुनीतानं सगळं समजावलं. बाई म्हणजे मान, बाय नव्हे. आणि जातो म्हटलं की अशुभ, म्हणून येतो. तू गाडीच्या टपावर हात आपटून हसलीस, आत बसलेली सुनीता दचकली. मग म्हणालीस, ‘जाताना येतो. आमच्या लोकांना ही एक गोष्ट हवी होती. आमचे लोक गेले की गेलेच.’ आणि लगेच घरात गेलीस. पुढच्या गुरुवारी तू पाठ करून बसली होतीस. मी निघालो तर दारातून मला म्हणालीस, ‘येतो!’

मी म्हटलं, ‘नो. यू लेडी. येते.’

‘का?’

‘पुरुष येतो. बाई येते.’

तू कमरेवर हात ठेवलास. ‘पुरुष आणि मी एकाच दारातून ये-जा करतो ना? मग शब्द एकच.’

‘व्याकरण आहे ते.’

‘कुणी केलं? पुरुषांनीच ना?’

मी तिसरी शिकलेला माणूस, व्याकरण कुणी केलं ते मला काय माहीत. पण चूक ती चूक. मी शेवटपर्यंत ‘येते’ म्हणत राहिलो आणि तू शेवटपर्यंत ‘येतो’. तू पहिली, पहिली करत सगळीकडं शिरलीस ती अशीच शिरली असशील. समोरचा नियम सांगत राहिला असेल आणि तू आत.

तुझी भाजी. ते रुंद हिरवं पान तू सकाळी चढवायचीस आणि दुपारी उतरवायचीस. मी म्हणायचो, ‘बाई, ती मेली, आता तिला सोड.’ तू म्हणायचीस, ‘माझ्या आजीनं अशीच केली.’ एकदा मी चूल हातात घेतली. तेल, ढीगभर लसूण, सुकी मिरची, वरून भाजी, परतली, उतरवली. तू खाल्लीस. बशी पुसून खाल्लीस. मग तोंड पुसून म्हणालीस, ‘कच्ची आहे.’ पण पुढच्या वेळी तुझ्या ओट्यावर लसणाचा गड्डा होता, मी पाहिला. तू तो बटाट्यांमागं लपवला होतास.

तुझं पुस्तक मला सुनीतानं गाडीत, मराठीत करत, वाचून दाखवलं. गाडी चालवताना वाचता येत नाही, म्हणून लाल दिवा लागला की एक कडवं. हिरवा झाला की तिथंच थांबायचं. मी जन्मात कधी इतक्या आशेनं सिग्नलकडं बघितलं नव्हतं. इस्त्रीची ती कविता, धोबीखान्यात काम करणारी बाई दुसऱ्यांच्या कॉलरी कडक करता करता स्वतःची मान ताठ करते, ती आम्ही पाच सिग्नलमध्ये संपवली. शेवटच्या कडव्याला हिरवा लागला तर सुनीता निघालीच नाही. मागच्यानं हॉर्न दिला. मी काच खाली करून त्याला सांगितलं, ‘वेट! पोएट्री!’

ती इस्त्री तू खरंच केलीस, तरुणपणी, हे तू मला सांगितलंस. इस्त्रीच्या ठेक्यावर ओळी जुळवल्या. पेपरवाल्यानं तेही लिहिलं होतं, पण तुझ्या मनगटावरचा चट्टा त्यानं पाहिलेला नसणार. आणि तुझ्या ओळी लोकांत कशा पसरल्यात, तेही त्याला दिसलेलं नाही. बसचा ड्रायव्हर तुला चढताना बघून तुझीच ओळ म्हणायचा आणि तिकिटाचे पैसे घ्यायचा नाही. कोपऱ्यावरच्या केशकर्तनवालीनं तुझं एक कडवं आरशाला चिकटवलं होतं. त्या कॉलेजच्या पोरी, डोक्यावर एवढाले केस, तुझ्या पायरीवर बसून स्वतःच्या कविता ऐकवायच्या, आणि तू फक्त भुवई वर केलीस की खोडायला घ्यायच्या.

आपलं खरं भांडण मात्र राहिलं. ते आता मी एकटाच पुढं चालवतोय.

माझं म्हणणं होतं, एकट्यानं खोलीत बसून लिहिलेलं गाणं अर्धंच. शाहीर कितीही मोठा असो, झील नसली तर तो रस्त्यावर एकटाच बडबडणारा माणूस. तू त्या दिवशी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलीस. सुनीता अजून यायची होती, त्यामुळं तू सोपं सोपं बोललीस, एकेक शब्द टेबलावर ठेवत. ‘मिस्टर जी, तुझ्यामागं माणसं होती. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मागं कुणी नव्हतं. समोरचे गोरे लोक हाताची घडी घालून. आपले लोक घाबरलेले. ओळ टाकली आणि ती खाली पडली, कुणी उचलली नाही. दुसरी टाकली. तीही पडली. मग मी माझ्यामागं माझंच येस म्हटलं. मनातल्या मनात. कितीतरी वर्षं.’

मी म्हटलं, ‘मग ते गाणं नाही.’

‘तेच गाणं,’ तू म्हणालीस. ‘तू कधी पहिली ओळ टाकलीस का?’

‘नाही. मी झीलकरी.’

‘एक टाक. आत्ता. तुझी स्वतःची.’

‘ते माझं काम नाही.’

‘घाबरतोस.’

‘मी कुणाला घाबरत नाही!’ मी उठलो, टोपी घातली, ओसरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं तू दोन कप घेऊन बाहेर आलीस आणि समोरच्या झाडावरच्या खारीबद्दल बोलायला लागलीस. त्यानंतर तू दर गुरुवारी विचारायचीस, ‘आज आणलीस का ओळ?’ आणि मी म्हणायचो, ‘भाकरी आणलीय, ती खा.’

हॉस्पिटलात तू बारीक झाली होतीस, पण आवाज तोच. नर्सला दटावत होतीस. माझा हात धरून म्हणालीस, ‘माझ्या होमगोइंगला तू पुढं उभं राहायचं आणि जी म्हणायचं. पाद्र्याला सांगून ठेवलंय.’ तुमच्याकडं मरणाच्या विधीला घरी जाणं म्हणतात, हे तेव्हा कळलं. मी म्हटलं, असलं काही बोलू नकोस. तू म्हणालीस, शब्द दे. दिला. मग माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, ‘झील मी धरीन. पण ओळ कोण टाकणार? तू तर...’

तुझे डोळे हसले. ‘ती तुझी अडचण, मिस्टर जी.’

मी निघालो. दारातून म्हटलं, ‘येतो.’ तू उशीवरून म्हणालीस, ‘येतो.’ मी म्हटलं, ‘येते.’ तू म्हणालीस, ‘येतो.’ हे आपलं शेवटचं बोलणं. लोकांची शेवटची बोलणी कशी मोठी मोठी असतात, आणि आपलं व्याकरणावरून गेलं.

चर्चला जायच्या सकाळी मी ट्रंकेतून जलशातला फेटा काढला. अशोक जिन्यात आडवा आला. ‘बाबा, ऐका. तिथं युनिव्हर्सिटीचे लोक असणार, पेपरवाले असणार. स्पीचेस होणार. तुम्ही मध्येच उठून जी जी करणार? लोक हसतील.’

‘मी शब्द दिलाय.’

‘त्यांना आठवत पण नसेल कुणी काय प्रॉमिस केलं ते.’

‘मला आठवतंय ना.’

सुनीतानं त्याच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. ‘मामाजी, फेटा डावीकडं कलतोय,’ एवढंच म्हणाली.

बाई, काय थाट होता तुझा. पांढऱ्या कपड्यांतल्या बाया, डोक्यावर अशा हॅटी की मागच्याला पाद्री दिसू नये. माझ्या शेजारची एक माझ्या फेट्याकडं बघून म्हणाली, ‘सर, ही हॅट मिळते कुठं?’ मी म्हटलं, ‘नागपूर.’ ती म्हणाली, ‘ते कुठल्या मॉलमध्ये?’ तू असतीस तर बाकावरून खाली पडली असतीस. प्रोफेसर लोक खूप बोलले. पहिली, पहिली, पहिली. मग पाद्र्यानं पुकारलं, ‘मिस्टर जी!’

मी पुढं जाऊन उभा राहिलो. तू तिथंच, उघड्या पेटीत, हाताच्या अंतरावर, जांभळ्या झग्यात, डोळ्यांवर चष्मा. मी सवयीनं कान टवकारले. झीलकऱ्याचा कान ओळीची वाट बघतो, दुसरं त्याला काही येत नाही. ओळ येईना. कुणीतरी खोकलं. अशोक आपल्या बुटांकडं बघत होता. माझ्यामागं कुणी नव्हतं. तू सांगत होतीस ती जागा हीच का, असं मनात आलं आणि तुझा रागच आला. इथं आणून उभं केलंस आणि स्वतः चष्मा लावून निजलीस! त्या रागात, तुझ्या ओसरीवरून मारायचो तशीच, तोंडातून हाक गेली.

‘बाई!’

आणि सगळं चर्च म्हणालं, ‘बाय!’

मी भडकलो. मी कुठं निरोप देत होतो? मी हाक मारत होतो! पुन्हा म्हटलं, जोरात, ‘बाई!’

‘बाय, ओडेसा!’ हॅटी हलल्या. टाळी पडली.

‘बाई!’

‘बाय, बेबी!’ बाजावाल्यानं सूर पकडला. माझा हात डफ नसतानाही मांडीवर पडायला लागला. मी ओळ टाकत होतो, बाई, आणि लोक झील धरत होते. अख्खं चर्च माझ्यामागं. जन्मात पहिल्यांदा मी पुढं होतो आणि ती एका शब्दाची ओळ काही केल्या खाली पडेना. मग पाठीमागून, आमच्या बाकावरून, एक आवाज आला. ‘जी रं जी जी.’ अशोक. मान खाली घालूनच, पण म्हणत होता. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ऐकलेलं त्यानं कुठं ठेवलं होतं कोण जाणे. तालात नव्हता. गाडीत बसल्यावर मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘बाबा, गिव्ह मी अ ब्रेक.’ मग ट्रॉय येईपर्यंत त्यानं मला ताल धरून दाखवायला लावला. प्रत्येक लाल दिव्याला.

आता तू म्हणशील, बघ, मिस्टर जी, मी जिंकले. पहिली ओळ टाकणारा एकटाच असतो. तर तसं नाही. एकटा असतो, पण टाकण्याआधी. मी अर्धं मान्य करतो. उरलेल्या अर्ध्यावर मी अजून ठाम आहे, आणि तुझ्या वेळी ज्यांनी ओळ खाली पडू दिली त्यांच्या वाटणीचं येस त्या दिवशी तुझ्या चर्चनं म्हणून टाकलंय, ते तू मोजून घे.

लोकांनी मात्र तुला बाय केलं. मी नाही केलं, मी बाई म्हटलं. हे ध्यानात ठेव.

काल मी भाजी केली. तुझ्यासारखी, सकाळी चढवून दुपारी उतरवलेली. मेलेली, पण बरी लागली. लसूण घातलाच. गुरुवार आहे उद्या. तुझ्या ओसरीवर आता तुझी भाची बसते, तिला अजून माझी हाक कळत नाही, बाय म्हणून हात हलवते. शिकवीन.

तू येशील तेव्हा येतो म्हण नाहीतर येते म्हण. मी टोकणार नाही.

टोकणारच. पण तू ये.